नातवाची विद्युतचुंबकीय तोफ आणि आजोबांचा प्रश्न

गोव्यातील साखळीहून एका निवृत्त वाचकांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: "मी खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली. माझा नातू फर्मागुडीला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या मते दारूगोळ्याचे दिवस आता संपले असून यापुढची युद्धे रेलगन (विजेने गोळा फेकणारी तोफ), मायक्रोवेव्ह आणि ईएमपी (उपकरणे बिघडवणारा विद्युतचुंबकीय झटका) यांनीच लढली जातील. घराच्या माडीवर त्याने तांब्याच्या तारेची कॉइल आणि ४५० व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचे सहा कपॅसिटर जोडून खिळा फेकणारी नळी केली आहे. पहिल्याच चाचणीत खिळा दाराच्या फळीत रुतला. आता त्याने भंगारवाल्याकडून एक जुना मायक्रोवेव्ह ओव्हन आणला आहे आणि त्यातून ड्रोन पाडणारे यंत्र करायचे म्हणतो. ही शस्त्रे खरोखर व्यवहारात उतरणारी आहेत का? मुलगा आणि सून म्हणतात, सगळे उचलून फेकून द्या. मला त्याचा हुरूप मोडवत नाही, आणि रात्री झोपही लागत नाही. काय करावे?"

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. आपल्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणार आहे, पण त्याआधी एक काम आजच्या आज करावे लागेल. तो ओव्हन नातवाच्या हातून काढून घ्या. माडीवरच्या साऱ्या सामानात सर्वांत घातक वस्तू तीच आहे. ओव्हनमधील ट्रान्सफॉर्मर सुमारे २००० व्होल्ट देतो, आणि माणूस मारायला लागतो त्याच्या कित्येक पट प्रवाह तो सहज पुरवतो. आपण आयुष्यभर ४४० व्होल्टवर काम केले आहे, म्हणून एक गोष्ट आपल्याला लगेच पटेल: त्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेढ्याचा धक्का बसला, तर घरातला ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत नाही, कारण तो प्रवाह मुख्य लाईनच्या फेज आणि न्यूट्रलमधील फरक म्हणून दिसतच नाही. शिवाय लोखंडी पेटीबाहेर काढलेला मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करणारी नलिका, डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तिथली उष्णता वाहून नेणारे काहीच नसते. काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साईड असते. ते फुटले तर त्याची धूळ फुप्फुसांना विषारी ठरते.

एवढे करून ड्रोन पडणार नाहीच. ओव्हनची सात-आठशे वॅटची लहर मोकळ्या हवेत अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जाते. पन्नास मीटरवर ड्रोन निवांत घिरट्या घालत राहील आणि शेजाऱ्यांचे वायफाय मात्र बंद पडेल. रेडिओ लहरींमध्ये जाणूनबुजून अडथळा आणणारी यंत्रे खासगी व्यक्तीने बाळगणे वा वापरणे आपल्या देशात बेकायदा आहे, आणि दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळे असलेल्या या चिमुकल्या राज्यात असा उपद्व्याप कोणीही कौतुकाने पाहणार नाही. ओव्हन न उघडता होता तसा भंगारात परत जाऊ द्या. उघडला गेलाच असेल, तर त्यातील उच्च दाबाच्या कपॅसिटरचे काय करायचे ते आपल्याला सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. नातू जे सांगतो त्यातले भौतिकशास्त्र खरे आहे, आणि हे त्याला आपल्या तोंडून आधी ऐकू आले पाहिजे. त्याचे चुकते ते 'संपले' या निर्णयात. विजेने गोळा फेकण्याची कल्पना चांगली सव्वाशे वर्षे जुनी आहे. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलँड यांनी १९०१ मध्ये कॉइलच्या तोफेचे पेटंट मिळवले होते, म्हणजे आपल्या नातवाच्या नळीचे पणजोबा त्या कागदांत सापडतील. १९०३ मध्ये त्यांनी आजच्या ओस्लोतील विद्यापीठात निमंत्रित पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवले. गोळा सुटण्याऐवजी प्रचंड शॉर्टसर्किट होऊन विजेचा लोळ उठला आणि तोफेचा व्यवहार तिथेच आटोपला. पण तो लोळ फुकट गेला नाही. विजेच्या ठिणगीने हवेतील नायट्रोजन बांधता येतो हे ठाऊक असलेल्या बिर्कलँड यांनी सॅम आयडे या अभियंत्याबरोबर त्याच ज्वाळेपासून खत बनवण्याची पद्धत उभी केली, आणि १९०५ मध्ये त्यातून नॉर्स्क हिड्रो ही कंपनी निघाली. मला हा इतिहास फार आवडतो, कारण या क्षेत्रात नंतरही पुष्कळदा असेच घडले: तोफ राहिली बाजूला, आणि तिच्यासाठी केलेले काम भलत्याच ठिकाणी उपयोगी पडले.

रेलगनचेच पाहा. दोन समांतर रूळ, त्यांच्यामध्ये सरकणारा धातूचा तुकडा, एका रुळातून प्रवाह जातो आणि दुसऱ्यातून परत येतो, आणि त्या प्रवाहाच्याच चुंबकीय क्षेत्राने तुकडा पुढे ढकलला जातो. यात दारू नाही, स्फोट नाही, जहाजाच्या पोटात पेट घेणारा साठा नाही. अमेरिकेच्या नौदलाने डालग्रेन येथील केंद्रात डिसेंबर २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलचा गोळा उडवून दाखवला. हा आकडा ऐकून नातवाचे डोळे चमकत असतील, म्हणून त्याच्याकडून त्याचे युनिट करून घ्या. ३३ मेगाज्यूल म्हणजे साधारण नऊ युनिट वीज. निम्म्याहून अधिक वाया गेली असे धरले, तरी एका गोळ्याचा विजेचा खर्च घरच्या बिलाच्या एका कोपऱ्यात मावेल. कार्यक्षमता हा या शस्त्राचा खरा अडसर नाही.

अडसर वेळेचा आहे. दहा मीटरच्या नळीत गोळ्याला सेकंदाला अडीच किलोमीटरचा वेग द्यायचा, तर तो नळीत असतो अवघे आठ सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात ३३ मेगाज्यूल द्यायचे म्हणजे सुमारे ४,००० मेगावॅटचा दर होतो. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे दोन कोयना, डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत, एका जहाजावर. अर्थात ही शक्ती जनित्रातून थेट घेत नाहीत, कपॅसिटरमध्ये साठवून एकदम सोडतात. पण साठ्याचे वजन कुठे जाणार? एक किलो तोफेच्या दारूत सुमारे तीन मेगाज्यूल ऊर्जा असते, तर झटक्याने रिकाम्या होणाऱ्या चांगल्या कपॅसिटरमध्ये किलोमागे एक-दोन किलोज्यूल. तफावत हजारपटीहून अधिक आहे. म्हणूनच अशी तोफ सैनिकाच्या खांद्यावर येत नाही, रणगाड्यातही मावत नाही. ती येते ती मोठ्या युद्धनौकेवर, आणि तीही ७८ मेगावॅट वीज निर्माण करणाऱ्या अमेरिकेच्या झुमवॉल्टसारख्या नौकेवर शोभते.

आणि एवढे सगळे जमले, तरी नळीचे काय होते हे आपल्याइतके नीट कोणाला कळणार? खाणीवरच्या मोठ्या मोटारीच्या कॉन्टॅक्टरचे (चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट उघडून पाहिले, की ठिणगीने खाल्लेले खड्डे दिसायचे आणि शेवटी पॉइंट बदलावे लागायचे. रेलगनमध्ये तोच प्रकार काही दशलक्ष अँपिअरला आणि ध्वनीच्या सातपट वेगाने सरकणाऱ्या संपर्कावर होतो. धातू वितळतो, त्याची वाफ होते, रुळांवर चरे पडतात. त्यात दोन रूळ एकमेकांना इतक्या जोराने बाहेर ढकलतात, की नळी उकलू नये म्हणून बाहेरून जबर आवरण घालावे लागते. दारूच्या तोफेची नळी शेकडो, कधी हजारो गोळ्यांपर्यंत टिकते. जपानने नळीच्या टिकाऊपणाचे जे उद्दिष्ट ठेवले ते १२० गोळ्यांचे होते, आणि ते गाठणे हेच मोठे यश मानले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानने आसुका या प्रायोगिक नौकेवरून समुद्रात रेलगन डागली. जहाजावरून असे प्रथमच घडल्याचे त्यांच्या संरक्षण खात्याने सांगितले. चीननेही २०१८ च्या सुमारास एका नौकेवर असे काही बसवल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. आपल्याकडे पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या एआरडीई या संस्थेत रेलगनवर काम झाले आहे. विषय मेलेला नाही, हे यावरून दिसते.

तरी अमेरिकेने दीड दशक आणि सुमारे ५० कोटी डॉलर खर्चून २०२१ मध्ये हा कार्यक्रम थांबवला. यामागे नळीइतकेच आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. दोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारा गोळा वाऱ्यावर सोडून भागत नाही. त्यात दिशा सुधारणारी इलेक्ट्रॉनिक्स हवीच. नळीत त्या गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३२ हजार पट त्वरण येते, शिवाय भोवती तीव्र चुंबकीय क्षेत्र असते आणि बाहेर पडताच हवेच्या घर्षणाचा दाह सुरू होतो. यातून वाचणारी इलेक्ट्रॉनिक्स महाग असते, आणि 'स्वस्त गोळा' हा मूळ दावाच लंगडा पडतो. तिकडे ब्रह्मोससारखे क्षेपणास्त्र पहिल्या आवृत्तीतच २९० किलोमीटर जाते, त्याला नळी लागत नाही आणि सुरुवातीचा धक्काही सौम्य असतो. गंमत अशी, की रेलगनसाठी तयार केलेला अतिवेगवान गोळा पुढे नौदलाने साध्या पाच इंची दारूच्या तोफेतूनच उडवून पाहिला आणि तो तिथेही चांगला चालला.

मग विद्युतचुंबकीय फेक व्यवहारात कुठे उतरली? याचे उत्तर गोव्याच्या माणसाला समजायला सोपे जावे. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू नौकेच्या डेकची हुबेहूब जमिनीवरची प्रतिकृती आहे. तिथून नौदलाचे तेजस स्की-जंपवरून (डेकच्या टोकाशी वर वळलेल्या चढावरून) उडाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तारेला हूक अडकवून उतरलेही. आपल्या आजच्या विक्रांतवरही स्की-जंपच आहे. पण अमेरिकेच्या जेराल्ड फोर्ड आणि चीनच्या फूजियान या नौकांवर विमान फेकण्यासाठी लांबट विद्युत मोटार बसवलेली आहे. तिची कमाल ऊर्जा सुमारे १२२ मेगाज्यूल, म्हणजे त्या रेलगनच्या जवळजवळ चौपट. तरीही ती चालते, कारण ती ऊर्जा दोन-तीन सेकंदांत दिली जाते आणि सरकत्या भागाला विजेचा स्पर्शसंपर्क नसतो; इंडक्शन मोटारीचा स्टेटर (न फिरणारा भाग) उलगडून जमिनीवर अंथरल्यासारखी तिची रचना आहे. सुरुवातीची काही वर्षे तीही अपेक्षेपेक्षा बरीच अधिक वेळा बिघडत होती, हे नातवाला मुद्दाम सांगा. एखाद्या रविवारी त्याला घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तिथली सी हॉक आणि अलिझे ही विमाने जुन्या विक्रांतवरून वाफेच्या कॅटापल्टने फेकली जात. वाफेची जागा वीज कशी घेते, हा प्रश्न त्या विमानांसमोर उभे राहून विचारण्याजोगा आहे.

गोळा न फेकणाऱ्या विद्युतचुंबकीय शस्त्रांची गोष्ट वेगळी, आणि इथे आपल्या नातवाचे म्हणणे बरेचसे खरे ठरत आहे. शत्रूच्या ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणारे जॅमर आज बहुतेक सैन्यांकडे आहेत. आपल्या नौदलाने २०२१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी ज्या ड्रोनविरोधी यंत्रणेचा करार केला, तिच्यात जॅमर आणि लेझर दोन्ही आहेत. युक्रेनच्या युद्धात जॅमरला उतारा म्हणून ड्रोनला मैलोगणती फायबरची तार बांधून सोडू लागले. तिथे जॅमर निरुपयोगी ठरतो, पण जोरदार मायक्रोवेव्हचा झोत ड्रोनमधील सर्किटलाच भिडतो, त्यामुळे तार असो वा नसो. ब्रिटनने २०२५ मध्ये अशा यंत्राची चाचणी घेतली. त्याचा पल्ला साधारण एक किलोमीटर आणि एका माऱ्याचा खर्च दहा पेन्स सांगितला गेला. थव्याने येणाऱ्या स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे उधळणे परवडत नाही, म्हणून या शस्त्राला खरे गिऱ्हाईक मिळाले आहे. पल्ला कमी आहे, पाऊस-धुक्यापेक्षा अंतराचीच अडचण मोठी आहे, आणि झोताच्या वाटेत आलेली आपलीच उपकरणेही बिघडू शकतात. तरीही पुढच्या दहा वर्षांत रेलगनपेक्षा हीच यंत्रे अधिक दिसतील, असे मला वाटते.

माणसांवर वापरायच्या शस्त्राचा अनुभव मात्र बोलका आहे. अमेरिकेने ९५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी त्वचेचा वरचा पापुद्रा तापवून जमाव पांगवणारे यंत्र केले. २०१० मध्ये ते अफगाणिस्तानात नेले आणि एकदाही न वापरता परत आणले. यंत्र चालत होते. ते लोकांवर वापरल्याची किंमत कोणाला मोजायची नव्हती.

ईएमपीबद्दल थोडक्यात. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर दूर हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे विझले. एवढा व्यापक परिणाम अणुस्फोटाविना होत नाही. बिनाअणूचे ईएमपी असते, पण त्याचा आवाका एखाद्या इमारतीपुरता, आणि ते घडवणे माडीवरचे काम नव्हे. चित्रफितीत मोबाईलजवळ ठिणगी पाडून तो बंद करतात, त्याला शस्त्र म्हणणे म्हणजे चेष्टा आहे.

आता माडीवरची नळी. सहा कपॅसिटर ४५० व्होल्टला भरले, की त्यांत सुमारे ६०० ज्यूल साठतात. अशा घरगुती कॉइलगनमध्ये खिळ्यापर्यंत दोन-तीन टक्के पोहोचले तरी पुष्कळ, म्हणजे दहा-पंधरा ज्यूल. खिळा त्यामुळे फळीत रुततो, डोळाही जाऊ शकतो, आणि उरलेले पावणेसहाशे ज्यूल कॉइल तापवण्यात जातात किंवा चुकून हात लागणाऱ्याच्या छातीतून जायला तयार असतात. म्हणजे बंदुकीच्या दृष्टीने हे यंत्र दुबळे आणि बनवणाऱ्याच्या दृष्टीने जीवघेणे. अमेरिकेत एका कंपनीने २०२१ मध्ये अशी खांद्यावरची कॉइलगन विक्रीस काढली. वजन नऊ किलो आणि ऊर्जा सुमारे ८५ ज्यूल. साध्या .२२ बोअरच्या रायफलीची गोळीसुद्धा याहून जास्त ऊर्जा घेऊन निघते.

कायद्याची बाजू मुलगा-सुनेच्या काळजीला बळ देणारी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकापुरती मर्यादित नाही. अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने गोळा फेकण्यासाठी बनवलेले साधन त्यात येते. विनापरवाना असे शस्त्र बनवण्यावर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. प्रयोगाच्या नळीवर लगेच गुन्हा दाखल होईल असे मी म्हणत नाही, पण नातवाने तिची चित्रफीत 'घरी बनवलेली बंदूक' म्हणून इंटरनेटवर टाकली, तर पुढचे बोलणे पोलीस ठाण्यात होईल. टाकली असेल तर आजच काढायला लावा.

तरीही सगळे फेकून देऊ नका. जो मुलगा दुसऱ्या वर्षाला स्वतः कॉइल गुंडाळतो, त्याच्या हातून सामान काढून घेतले तर तो ते मित्राच्या खोलीवर पुन्हा जमवेल, आणि तिथे बघणारे कोणी नसेल. त्याला नळीऐवजी रूळ घ्यायला सांगा. कॉइल तीच, पण खिळ्याच्या जागी दोन्ही टोकांना अडवलेली छोटी गाडी, विद्युतदाब ४८ व्होल्टच्या आत, आणि वाटेत दोन-तीन प्रकाशसंवेदक. गाडी कोणत्या क्षणी कुठे आहे हे मोजायचे, पुढची कॉइल नेमकी केव्हा चालू करायची आणि मागची केव्हा तोडायची हे शोधायचे, आणि दिलेल्या विजेपैकी किती गाडीच्या गतीत उतरली याचा हिशेब वहीत लिहायचा. कॉइल उशिरा तोडली तर गाडी मागे ओढली जाते. लोखंड दोन टेस्लाच्या आसपास चुंबकाने तृप्त होते आणि मग प्रवाह वाढवूनही फारसा जोर वाढत नाही. दारात खिळा रुतवून यातले काहीच शिकायला मिळत नाही. हाच प्रयोग तो आपल्या विभागातील प्राध्यापकांकडे प्रकल्प म्हणून नेऊ शकतो. पुढे त्याला याच विषयात जायचे असेल, तर झटक्याच्या विजेचे काम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते, मायक्रोवेव्ह नलिकांचे काम डीआरडीओच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत चालते, आणि या वाटेवर गेटची परीक्षा बहुधा लागतेच. त्याचा अभ्यास तिसऱ्या वर्षापासून धरलेला बरा.

राहिले ते सहा कपॅसिटर. नातवाला शेजारी बसवून आपणच ते उतरवा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडू नका, जाड रेझिस्टरमधून सावकाश रिकामे करा, मीटर लावून शून्य बघा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये दाब थोडा परत चढतो हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. मग प्रत्येकाची दोन्ही टोके तारेने एकमेकांना जोडून ते आपल्या कपाटात ठेवा. ४८ व्होल्टच्या मांडणीलाही कायमचा ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर आपोआप रिकामा करणारा) आणि समोर दिसेल असा व्होल्टमीटर हवाच, आणि निदान पहिले काही महिने चार्जिंगचा स्विच आपल्या हाती असू द्या.